पाठ आणि प्रमाण : कारंजाच्या पोथ्या व 'दोन संस्कृतीं'चा प्रश्न

१

सी. पी. स्नो यांनी १९५९ साली केंब्रिज येथील रीड व्याख्यानात 'दोन संस्कृतीं'ची कल्पना मांडली आणि १९६२ साली एफ. आर. लीव्हिस यांनी तिचा कठोर प्रतिवाद केला. तेव्हापासून विज्ञाने आणि मानव्यविद्या यांच्यातील दुराव्याची चर्चा बहुतांशी या वादाच्या चौकटीतच होत राहिली आहे. स्नो यांची तक्रार मुख्यतः अपरिचयाची होती. शेक्सपिअर न वाचलेला शास्त्रज्ञ असंस्कृत ठरतो, परंतु उष्मागतिकीचा दुसरा नियम ठाऊक नसलेल्या साहित्यिकाला त्याबद्दल संकोच वाटत नाही, ही त्यांची खंत प्रसिद्ध आहे. रोगाचे निदान अपरिचय असे केले की परिचय हाच उपाय ठरतो. शास्त्रज्ञाने कविता वाचावी, कवीने भौतिकी समजून घ्यावी, आणि मग दरी आपोआप बुजेल असा विश्वास त्यामागे असतो.

मराठी समीक्षाव्यवहारात या विश्वासाची प्रामुख्याने तीन रूपे आढळतात. पहिले रूप परिभाषेच्या उसनवारीचे आहे. सापेक्षता, अनिश्चितता, ऊर्जा, क्षेत्र यांसारखे शब्द भौतिकीतून उचलून साहित्यविचारात रूपकासारखे वापरले जातात. दुसरे रूप नियमबद्धतेच्या आकर्षणाचे होय. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांच्या आधारे लयीची जी मांडणी केली, तिच्यामागे सौंदर्यविचाराला शास्त्राची काटेकोर शिस्त देण्याची गंभीर आकांक्षा होती. तिसरे रूप विज्ञानलेखनाचे. जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथांना मिळालेला वाचक आणि २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे त्यांना लाभलेले अध्यक्षपद या रूपाच्या प्रतिष्ठेची साक्ष देतात.

या तिन्ही मार्गांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तरीही त्यांच्यात एक उणीव समान आहे. यांपैकी कोणत्याही मार्गावर एका ज्ञानशाखेला दुसरीचे विधान तिच्याच प्रांतात जाऊन नाकारता येत नाही. समीक्षकाने 'अनिश्चितता' हा शब्द रूपक म्हणून वापरला, तर भौतिकशास्त्रज्ञ फार तर स्मित करील, पण त्या कवितेचा अर्थ त्यामुळे बदलणार नाही. विज्ञानकथेतील शास्त्र अचूक असले म्हणून कथा श्रेष्ठ ठरत नाही, आणि चुकीचे असले म्हणून ती अपरिहार्यपणे फसतेच असेही नाही. सौजन्य आहे, परंतु निर्बंध नाही. दोन ज्ञानशाखा परस्परांना खऱ्या अर्थाने भेटतात त्या ठिकाणी प्रत्येकीला दुसरीवर नकाराचा अधिकार असावा लागतो. अशी भेट प्रत्यक्षात कशी घडते, तिच्यातून काय हाती येते आणि काय येत नाही, याचे एक उदाहरण विदर्भात उपलब्ध आहे. मराठी समीक्षेने त्याच्याकडे अद्याप पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही.

२

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे गाव सर्वसामान्य मराठी वाचकाला श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. जैन परंपरेत त्याचे महत्त्व वेगळे आहे. बलात्कारगण व सेनगण यांची भट्टारकपीठे येथे होती, काष्ठासंघाचेही मंदिर येथे आहे, आणि या मंदिरांच्या आश्रयाने शतकानुशतके पोथ्या जतन झाल्या. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची १९२६ साली प्रसिद्ध केली, तिच्यामुळे या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी 'सावयधम्मदोहा', 'पाहुडदोहा', 'णायकुमारचरिउ' आणि 'करकंडचरिउ' हे ग्रंथ १९३२ ते १९३४ या काळात संपादित केले. त्याच्या आधीच, १९३१ साली, प. ल. वैद्य यांनी संपादिलेले 'जसहरचरिउ' कारंजा ग्रंथमालेतून बाहेर पडले होते.

मराठीच्या पूर्वरूपांचा शोध घेणाऱ्यांनी ही चरितकाव्ये आणि दोहे आपलेसे केले. भाषेच्या इतिहासात आणि काही प्रमाणात वाङ्मयेतिहासात त्यांना जागा मिळाली. त्याच संपादकाचे सर्वांत मोठे काम मात्र साहित्याभ्यासाच्या कक्षेबाहेरच राहिले. 'षट्खंडागम' हा दिगंबर परंपरेतील प्राकृत सूत्रग्रंथ आणि त्यावरील वीरसेनांची 'धवला' ही प्राकृत-संस्कृतमिश्रित विस्तृत टीका यांचे संपादन हिरालाल जैन यांनी सहकाऱ्यांसह १९३९ ते १९५८ या काळात १६ भागांत पूर्ण केले. आरंभीच्या भागांसाठी ज्या प्रती वापरल्या, त्यांपैकी एक अमरावतीची, एक बिहारमधील आरा येथील आणि एक कारंजाच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमातील होती. मूळ ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्री येथे जुन्या कन्नड लिपीत होती. उपलब्ध नागरी प्रती त्या ताडपत्रांपासून काही पिढ्या दूर गेलेल्या होत्या. पुढील भागांच्या वेळी ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची सोय झाली.

हा ग्रंथ कर्मसिद्धांताचा आहे. परंतु जीवांची संख्या किती, ते किती क्षेत्र व्यापतात, एका अवस्थेत किती काळ राहतात, असे प्रश्न सूत्रांतच विचारलेले असल्यामुळे टीकाकाराला पानोपानी गणितात शिरावे लागते. संपादकासमोरची अडचण येथूनच सुरू होते. प्राकृत उत्तम येणाऱ्या, पण गणित न जाणणाऱ्या लेखनिकांनी उतरवलेल्या आकडेमोडीत पाठ शुद्ध कोणता, हे केवळ व्याकरणाने ठरत नाही. या अडचणीतूनच लखनौ विद्यापीठातील गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांचा 'धवले'तील गणितावरील निबंध १९४२ साली निघालेल्या चौथ्या भागात समाविष्ट झाला. बिभूतिभूषण दत्त यांच्यासह हिंदू गणिताचा इतिहास लिहिणारे हेच ते सिंह. प्राकृत धर्मग्रंथाच्या आरंभी गणितज्ञाचा निबंध येणे हा केवळ मान देण्याचा उपचार नव्हता. संहितेच्या सिद्धीसाठीच त्याची गरज होती.

३

या गरजेचे स्वरूप एका लहानशा उदाहरणाने स्पष्ट होते. वर्तुळाच्या व्यासावरून परिघ काढण्याचा नियम सांगणारा एक संस्कृत श्लोक 'धवले'त आला आहे. त्याचा सरळ अर्थ असा : व्यासाला सोळाने गुणावे, त्यात सोळा मिळवावेत, एकशेतेराने भागावे, आणि आलेल्या संख्येत व्यासाची तिप्पट मिळवावी. श्लोकाचा दावा असा की, हे उत्तर सूक्ष्माहूनही सूक्ष्म असेल.

यातील 'सोळा मिळवावेत' हे शब्द वगळले तर परिघ व व्यास यांचे गुणोत्तर ३५५ भागिले ११३ असे येते. हे मूल्य दशांशचिन्हानंतर सहा स्थळांपर्यंत बरोबर आहे. चीनमधील झू चोंगझी या गणितज्ञाला ते पाचव्या शतकात ठाऊक होते. ते शब्द ठेवले तर मात्र विचित्र स्थिती निर्माण होते. व्यास एक हात धरला तर परिघ सुमारे ३.२८ हात येतो. तोच व्यास चोवीस अंगुळे म्हणून मोजला तर परिघ सुमारे ७५.५४ अंगुळे, म्हणजे सुमारे ३.१५ हात येतो. एकाच वर्तुळाचा परिघ मोजपट्टी बदलल्याने बदलतो. शिवाय जैन परंपरेत रूढ असलेले दहाच्या वर्गमुळाचे, म्हणजे सुमारे ३.१६ हे स्थूल मूल्य पहिल्या उत्तरापेक्षा अधिक अचूक ठरते. सूक्ष्माहून सूक्ष्म असल्याचा श्लोकाचा स्वतःचाच दावा त्यामुळे कोसळतो.

गणितज्ञाचा नकार येथे निर्विवाद आहे : सोळा मिळवता येणार नाहीत. परंतु म्हणून ते शब्द काढून टाकता येतील काय? येथे पाठचिकित्सक आपला नकार नोंदवतो. शब्द वगळले तर छंद मोडतो. आणि अशी भर लेखनिकाच्या हातून चुकून पडणे अवघड आहे, कारण ती छंदात चपखल बसलेली आहे. कठीण पाठ हा सोप्या पाठापेक्षा मूळचा असण्याची शक्यता अधिक, हे पाठचिकित्सेचे जुने सूत्रही शब्द राखण्याच्याच बाजूने जाते. प्रतींचे एकमत हा मात्र येथे भक्कम पुरावा होत नाही, कारण एकाच परंपरेतून उतरलेल्या प्रतींच्या तीन साक्षी वस्तुतः एकच साक्ष असते.

दोन नकार असे समोरासमोर उभे राहिले की तिसरी वाट शोधणे भाग पडते. ती वाट अन्वयाची आहे. 'सोळाने गुणलेले' आणि 'सोळांसह' ही दोन पदे दोन स्वतंत्र क्रिया सांगत नसून दुसरे पद पहिल्याचेच स्पष्टीकरण करते, म्हणजे व्यास सोळा वेळा एकत्र मिळवणे हाच गुणाकार, असे वाचन सुचवता येते. त्याने छंद टिकतो आणि गणितही टिकते. ते ओढूनताणून केलेले आहे असा आक्षेप घेता येईल. एखाद्या जुन्या पद्यकाराने नियम चुकीचा समजून श्लोकबद्ध केला, आणि टीकेत तो तसाच आला, अशीही शक्यता उरते. यांपैकी निर्णय कोणता, हा येथे मुख्य मुद्दा नाही. पर्यायांची ही मांडणीच गणितज्ञ आणि पाठचिकित्सक यांपैकी एकट्याला करता आली नसती, हा मुद्दा आहे. गणितज्ञ एकटा असता तर त्याने शब्द खोडून पुढची वाट धरली असती. पाठचिकित्सक एकटा असता तर त्याने अशक्य नियम शुद्ध पाठ म्हणून छापला असता.

४

या सहकार्याला केवळ यशोगाथा मानणे योग्य ठरणार नाही. त्यातील मर्यादाही तितक्याच बोधप्रद आहेत.

'अर्धच्छेद' ही 'धवले'तील एक संज्ञा आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी केली असता एक उरतो, ती संख्या म्हणजे तिचा अर्धच्छेद. ३२ चा अर्धच्छेद ५. गुणाकाराचा अर्धच्छेद म्हणजे अर्धच्छेदांची बेरीज, भागाकाराचा म्हणजे वजाबाकी, हे नियमही टीकेत येतात. आधुनिक गणिताच्या भाषेत हा दोन पायाचा लॉगरिथम होय, आणि सिंह यांनी तो तसाच ओळखला. ही ओळख पटल्याशिवाय कित्येक परिच्छेदांचा अर्थच लागत नाही. तरीही 'लॉगरिथम' हा शब्द आपल्यासोबत नेपिअरची १६१४ मधील कोष्टके, खगोलगणनेतील श्रम वाचवण्याची गरज आणि एक संपूर्ण युरोपीय इतिहास घेऊन येतो. वीरसेनांना गणनेचे श्रम वाचवायचे नव्हते. कल्पनेलाही न पेलणाऱ्या जीवराशींची लहान-मोठेपणाच्या दृष्टीने परस्परांत तुलना करायची होती. समान रचना आणि भिन्न प्रयोजन यांतील हा फरक गणिताच्या चिन्हांत उतरत नाही. तो संदर्भ वाचणाऱ्यालाच दिसतो.

हीच गोष्ट अनंताच्या चर्चेत अधिक ठळक होते. मिथ्यादृष्टी जीव अनंतानंत आहेत हे दाखवण्यासाठी टीकाकार एका बाजूला गतकाळातील समय आणि दुसऱ्या बाजूला हे जीव मांडतो, आणि दोन्हींकडून एकेक काढत जातो. समय संपतात, जीव संपत नाहीत. एकास एक संगतीची ही युक्ती पाहून आधुनिक गणितज्ञाला एकोणिसाव्या शतकातील कँटरची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. परंतु अनादी मानलेल्या काळाचे समय 'संपतात' म्हणजे नेमके काय होते? कँटरच्या सिद्धांतात एकेक काढत गेल्याने अनंत संच रिकामा होत नाही. येथे ज्या शब्दाचा अर्थ निःशेष होणे असा केला जातो, त्याची पारिभाषिक व्याप्ती ठरवणे हे प्राकृत आणि जैन दर्शन जाणणाऱ्याचे काम आहे. ते झाल्याविना कँटरशी केलेली तुलना ही फक्त अभिमानाची सोय ठरते. 'हे आपल्याकडे आधीच होते' या आत्मसंतुष्ट विधानाला जितका विरोध गणिताने करावयास हवा, तितकाच पाठनिष्ठ वाचनानेही करावयास हवा.

तिसरे उदाहरण 'धवले'च्या काळाचे. ग्रंथाच्या अखेरच्या प्रशस्तीत समाप्तीचे वर्ष आणि त्या वेळची ग्रहस्थिती नोंदलेली आहे, परंतु तेथील पाठ विकृत आहे. हिरालाल जैन यांनी तेथे शक ७३८ असे वर्ष वाचून आणि ग्रहस्थितीशी मेळ घालून इ. स. ८१६ हे वर्ष निश्चित केले. ज्योतिप्रसाद जैन यांनी तोच मजकूर विक्रम संवत् ८३८ असा वाचला आणि इ. स. ७८० हे वर्ष पुढे केले. येथे खगोलगणित पंच म्हणून उभे राहील असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु कोणता ग्रह कोणत्या राशीत, हेच मुळी विकृत पाठातून वाचायचे असल्यामुळे गणिताला पुरवलेली सामग्री आधीच एका वाचनाने रंगलेली असते. वाचनाने गणित आणि गणिताने वाचन सिद्ध करण्याचे हे वर्तुळ टाळता येत नाही. ते उघडपणे मांडणे एवढेच प्रामाणिक संपादकाच्या हाती असते. दोन ज्ञानशाखा एकत्र आल्या म्हणजे सत्य हाती लागेलच, अशी हमी कारंजाच्या पोथ्या देत नाहीत. आपले अज्ञान नेमके कोठे आहे, हे मात्र त्या अधिक स्पष्ट करतात.

५

याच पिढीतील दुसरे, आणि मराठी वाचकाला अधिक परिचित असलेले उदाहरण म्हणजे गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. ते व्यवसायाने गणितज्ञ. आहत नाण्यांचे वजन चलनातील वापरामुळे घटत जाते, या तत्त्वाच्या आधारे संख्याशास्त्रीय पद्धतीने त्यांनी नाण्यांच्या साठ्यांचा क्रम लावला आणि त्यातून इतिहास वाचला. दुसरीकडे, शेकडो हस्तलिखिते तपासून भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ साली सिद्ध केली. भारतविद्येत संयुक्त पद्धतींचा त्यांनी केलेला पुरस्कार अशा प्रत्यक्ष कामातून आलेला होता.

कोसंबींचे थोरपण निर्विवाद असले तरी ते अनुकरणीय प्रतिमान होऊ शकत नाही. एकाच व्यक्तीत दोन प्रशिक्षणे एकवटणे हा योग आहे, व्यवस्था नव्हे. बौद्ध विद्येचे पंडित असलेले वडील आणि गणितातील उच्च शिक्षण ही सांगड कोणत्याही अभ्यासक्रमाने घालून देता येणार नाही. शिवाय एकाच व्यक्तीच्या ठिकाणी दोन्ही अधिकार असले की एकमेकांना नकार देणारा दुसरा उरत नाही. अमरावती, कारंजा आणि लखनौ यांच्यामध्ये घडलेले काम याउलट साध्या, परंतु पुन्हा करता येण्याजोग्या रचनेवर उभे होते : एक संहिता, दोन प्रशिक्षणे, आणि परस्परांच्या नकाराला उत्तर देण्याची बांधिलकी. महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'ची लक्ष्मीचंद्र जैन यांनी हिंदी अनुवादासह केलेली आवृत्ती १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून निघाली. हिरालाल जैन आणि आ. ने. उपाध्ये हे तिचे ग्रंथमाला-संपादक होते, तर अनुवादक गणिताचे अध्यापक. रचना तीच होती.

अमेरिकेत १९९६ साली अॅलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने एका सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकात हेतुपुरस्सर निरर्थक लेख छापून आणला, तेव्हा मानव्यविद्यांनी विज्ञानाच्या वाटेला जाऊ नये असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. त्या प्रकरणाचा खरा धडा वेगळा आहे. ज्या लेखातील भौतिकीला नकार देऊ शकेल असा वाचक संपादनाच्या टप्प्यावर नव्हता, तो लेख छापला गेला. दोष विज्ञानाकडे वळण्यात नव्हता, नकाराची जागा रिकामी ठेवण्यात होता.

६

या चर्चेचा आजच्या मराठी विद्याव्यवहाराशी थेट संबंध आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला व विज्ञान यांच्यातील कडेकोट विभागणी सैल करण्याचा संकल्प केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबरच प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. पहिल्या संकल्पाचा अर्थ वेळापत्रकात दोन विषय शेजारी बसवणे एवढाच घेतला गेला, तर स्नो यांना अभिप्रेत असलेला परिचय वाढेल, याहून अधिक काही साधणार नाही. दुसऱ्या निर्णयाचा अर्थ केवळ काव्याचा गौरव असा घेतला गेला, तर अभिजात प्राकृताचा एक प्रचंड भाग पुन्हा साहित्याच्या दाराबाहेर उभा राहील.

साहित्य म्हणजे चरितकाव्य आणि दोहे, गणित म्हणजे दुसऱ्या विभागाचे काम, ही वाटणी पोथ्यांनी केलेली नाही. पोथ्या जपणाऱ्या परंपरेला दोहा, चरित, सूत्र आणि जीवराशींची गणना हे सारे एकाच विद्येचे भाग वाटत होते. वाटणी विद्यापीठीय विभागांनी केली, आणि मराठी वाङ्मयेतिहासाने ती निमूटपणे स्वीकारली. तिची किंमत आता स्पष्ट दिसते. प्राकृत वाचणारे पदव्युत्तर विद्यार्थी थोडे आहेत. त्यांपैकी बहुतेकांचा गणिताशी संबंध शालान्त परीक्षेनंतर सुटलेला असतो. गणिताच्या विद्यार्थ्याला तर नागरी पोथीतील एक ओळ वाचण्याचेही प्रशिक्षण नसते. हस्तलिखितांच्या प्रतिमा संगणकावर साठवण्याच्या मोहिमा २००३ पासून राष्ट्रीय पातळीवर चालू झाल्या, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु प्रतिमा म्हणजे पाठ नव्हे. सोळा मिळवावेत की नाही, हे प्रतिमा सांगत नाही.

म्हणून मराठी विभागांनी विज्ञानाशी संवाद साधावयाचा तर त्याची सुरुवात सैद्धांतिक घोषणांनी न करता एखाद्या अडलेल्या पाठापासून करणे अधिक फलदायी ठरेल. त्यासाठी दोन प्रशिक्षणांच्या दोन व्यक्ती, त्यांच्यापुढे एक पान, आणि दोघांच्याही नकाराची नोंद घेणारी पाठचर्चा पुरेशी आहे. विदर्भातील एका प्राध्यापकाने मर्यादित साधनांनिशी आठ दशकांपूर्वी एवढीच सोय केली होती. तिच्यातून निघालेल्या सोळा भागांतील कितीतरी स्थळे अशा दुहेरी वाचनाची अजूनही वाट पाहत आहेत.